वर रेंज, खाली घर

श्रीपतरावांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलगा बडोद्यात गोत्रीला घेऊन गेला आणि दक्षिणी फळियाचा टेलिफोन बंद पडला.

हा टेलिफोन तारांचा नव्हता, लिंबाचा होता. नंदेसरीचे कारखाने मागे टाकून मही नदीकडे जाणारा डांबरी रस्ता जिथे उंचावर संपतो, तिथे खंडोबाची देवळी आहे. देवळीसमोर कट्टा, कट्ट्यावर लिंब. मोबाइलची रेंज तिथवर धडधाकट पोचते. तिथून पायवाट नदीने कोरून ठेवलेल्या घळीत उतरते. या घळींना इकडे कोतरं म्हणतात. त्या खोलगटात मराठ्यांची घरं आहेत. बडोद्याच्या पागेतल्या स्वारांना कधीकाळी सरकारने ही जमीन दिली. पुढे घोडे गेले, जमीन वाटण्यांत विरली, नावामागचा राव तेवढा काही घरांत टिकला. आजूबाजूचे गुजराती लोक या वस्तीला दक्षिणी फळिया म्हणतात. पाणी खाली होतं म्हणून वाडवडिलांनी घरं खाली बांधली. त्यांना पाण्याची काळजी होती, मोबाइलची नव्हती, त्यांना दोष तरी काय द्यायचा?

तर फळियातल्या माणसांनी एक सोय काढली होती. माणसं खाली राहायची आणि फोन वर. सकाळी ज्याने त्याने आपला फोन कापडी पिशवीत घालून लिंबाच्या फांदीला अडकवायचा. पिशवी ज्याच्या त्याच्या घरच्या जुन्या लुगड्याची, त्यामुळे ओळखायला अडचण नाही. श्रीपतराव दिवसभर कट्ट्यावर बसायचे. फोन वाजला की पिशवी काढून ऐटीत म्हणायचे, "थांबा हं, बोलावतो," आणि घळीच्या तोंडाशी जाऊन हाळी द्यायचे, "विश्राऽऽम! फोऽऽन!" त्यांच्या गळ्याला खालपर्यंत फुल रेंज होती.

ते गेल्यावर पाळ्या लावून पाहिल्या, पण बसणाऱ्याचं लक्ष विडीत. एका दुपारी वानरांची टोळी आली. एकाने फळियातल्या विमलची हिरवी पिशवी उचलली, शेंड्यावर नेऊन उलगडली, आतला फोन हुंगला आणि खायच्या कामाचा नाही असं दिसल्यावर रस्त्यावर टाकून दिला. त्या दिवशी सगळ्यांनी आपापले फोन काढून घरी नेले. घरी ते आरशासारखे नुसते तोंड पाहायच्या कामाचे होते.

आणि नेमक्या याच दिवसांत विश्रामचं वर्षाचं काम ठरायचं होतं.

विश्राम नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात ठेकेदाराच्या टोळीत होता. होळी उलटली की कारखाना वर्षातून एकदा थांबवतात, त्याला शटडाउन म्हणतात. मोठमोठ्या टाक्या उघडायच्या, आत उतरून गाळ खरवडायचा, पाइप बदलायचे. त्या कामाला पहिल्या हाकेला जो उभा राहील, त्याचंच नाव पुढच्या वर्षाच्या गेटपासला जातं. हाक यायची ती टोळीचा सुपरवायझर गोविंदभाई याच्या फोनवरून. गोविंदभाईचा नियम सगळ्यांना पाठ होता. एका माणसाला दोनदा रिंग द्यायची. नाही उचलला तर पुढचा माणूस. गेटबाहेर माणसांना काय तोटा?

आधीच एक बारीक काम विश्रामच्या हातून असंच गेलं होतं. खुलासा करायला तो बसने गेटवर जाऊन आला. उन्हातून येऊन ओट्यावर बसला, बूट न काढता.

पद्मा, त्याची बायको, एरंडीचे वाळलेले घोस अंगणात पसरत होती. त्याचा चेहरा पाहून तिने पाणी पुढे केलं.

"काय म्हणाला?"

"नकाशा दाखवला."

"कसला?"

"मोबाइलवाल्या कंपनीचा. म्हणतो, 'विश्राम, आ जो. तारुं गाम तो आखुं गुलाबी छे. खोटुं शुं काम बोले छे?'"

"गुलाबी म्हणजे?"

"म्हणजे फुल टावर. जिथे टावर पकडतो तिथे ते गुलाबी रंगवतात. आपली देवळी गुलाबी, कोतर गुलाबी, नदी पण गुलाबी. अर्ध्या नदीत मगरी फोनवर बोलत बसल्यात जणू."

"कुणी रंगवलं?"

"कंपनीने."

"इथे येऊन?"

 बुटाची नाडी सोडता सोडता विश्राम म्हणाला, "या शटडाउनला नाव गेलं तर वर्ष गेलं, पद्मा. मग इथे राहून परवडायचं नाही. शहरात गोरव्यात खोली घेऊ. तिथे फोन तरी लागेल. म्हैस काढून टाकू."

पद्मा घोस पसरत राहिली. एरंडीच्या बोंडांना मऊ काटे असतात, पण वाळली की टोचतात. तिला ते टोचलेले कळले नाहीत.

ती मूळची गोरव्याचीच. वडील तिथल्या लेथच्या कारखान्यात होते. लग्न होऊन या घळीत उतरली तेव्हा पहिला महिना रोज रडली होती. इथे दिवाबत्तीनंतर बाहेर पाऊल टाकायची भीती, पाणी शेंदायचं, शेणात हात घालायचा. पण माणूस ज्या जागेला शिव्या देत देत घाम गाळतो, ती जागा हळूहळू त्याची होऊन बसते. आता परसातला शेवगा तिने लावलेला होता, म्हैस तिने रेडकापासून वाढवली होती, चुलीमागची भिंत तिने स्वतःच्या हातांनी लिंपली होती. मुलगी शर्वरी दहावीला. शाळेचा सगळा अभ्यास फोनवर यायचा, म्हणून तिला गोरव्याला मामाकडे ठेवलं होतं. घर आधीच अर्धं उठून गेलं होतं. उरलेलं अर्धं पद्माला जाऊ द्यायचं नव्हतं, आणि हे ती नवऱ्याला स्पष्ट सांगतही नव्हती, कारण टाकीत उतरणारा तो होता.

दुसऱ्या दिवसापासून विश्राम कट्ट्यावर मुक्कामाला गेला.

सकाळी चहा घेऊन जायचा तो अंधार पडेपर्यंत वरच. फोन हातात. हातातून मांडीवर, मांडीवरून पुन्हा हातात. घाम लागून बिघडेल म्हणून शर्टाला पुसायचा. कुणी बोलायला आलं तर एक कान तिकडे आणि एक फोनकडे. लघवीला गेला तरी फोन बरोबर. टाकीतल्या कामाने त्याच्या बोटांची सालं नेहमीच गेलेली असत, पण काम असताना त्या बोटांना थारा असे. आता ती कट्ट्याच्या फरशीवर सारखी ताशा वाजवत होती.

खालचं सगळं पद्मावर पडलं. पहाटे धार काढायची, दूध डेअरीच्या मंडळीवर, म्हणजे सोसायटीत, पोचवायचं, वरच्या तुकड्यातून एरंडीचे घोस खुडून भारे खाली आणायचे, वाळवायचे, काठीने बडवायचे. दुपारी भाकरी बांधून चढण चढायची, नवऱ्याला द्यायची, पुन्हा उतरायचं. तिच्या पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. खाली असली की वाटे, वर फोन वाजला असेल. वर गेली की वाटे, म्हशीने दावं तोडलं असेल. एका जागी तिचा जीव ठरत नव्हता.

एकदा म्हैस खरंच सुटून एरंडीत शिरली. पद्मा एकटीला आवरेना. तिने पायवाटेशी जाऊन वर तोंड करून हाका मारल्या तेव्हा विश्राम धावत खाली आला. दोघांनी मिळून म्हैस बांधली. तो तसाच धापा टाकत वर पळाला, तर फोनवर कॉल येऊन गेल्याचा मेसेज.  परत लावून पाहिला, तर पलीकडून एक बाई गोड आवाजात कर्ज हवं का विचारत होती.

खाली येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा पद्मा हसली. तो भडकला.

"हसतेस काय? गोविंदभाईचा असता तर?"

"नव्हता ना पण!"

"म्हशीपायी एक दिवस घालवशील सगळं."

"म्हशीचं दूध विकून आत्ता डाळ शिजतेय, ते चालतं होय?"

 विश्राम न जेवताच वर निघाला. अर्ध्या वाटेवरून परत आला, भाकरीचं फडकं उचललं आणि पुन्हा गेला.

अशात धनाजीराव बातमी घेऊन आले.

धनाजीराव म्हणजे फळियातले सगळ्यांत वडीलधारे, सगळ्यांचे आबा. टावरसाठी त्यांनी आजवर इतके अर्ज केले होते की तलाठ्याच्या कचेरीत त्यांना पाहिलं की शिपाई दुसऱ्या दाराने निघून जाई. दर वेळी उत्तर एकच, आपल्या भागात सेवा उत्तम आहे. पण या खेपेला कुणाच्या तरी मनात काय आलं कोण जाणे, कंपनीचा तपासणी साहेब येणार होता. आबांनी सगळ्यांना कट्ट्यावर जमवलं.

"हे बघा, मोका एकदाच येतो. साहेब इथे बसेल. त्याच्यासमोर जो तो फोन काढेल आणि हॅलो हॅलो करेल. लागला तरी लागत नाही म्हणायचं. समजलं ने?"

माना डोलल्या. पद्मा बायकांत मागे उभी होती. तिने पदर सारखा केला.

"आबा, त्यापेक्षा त्यांना खालीच आणू या की. खाली आपोआपच बंद पडतो. खोटं कशाला बोलायचं?"

आबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने देवळीत चपला घालून पाय ठेवला होता.

"खाली? बसवायचा कुठे? शेणात? पद्मा, पागेतल्या स्वारांची माणसं आपण. दारी आलेला पाहुणा कोतरात उतरवायचा? तो काय म्हणेल, हे दक्षिणी असे राहतात?"

"आबांचं खरं आहे," शेजारची विमल हळूच म्हणाली. "माझ्या भिंतीला तर अजून प्लास्टर पण नाही बाई."

आणि खरं सांगायचं तर पद्मालाही सुटल्यासारखं झालं. आपण बोलून गेलो, पण साहेब खरोखर उतरला असता तर? तिला आपल्या न्हाणीचा प्लास्टिकचा पडदा आठवला. छपरावरचे पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले दगड आणि जुना टायर आठवला. दाराच्या तोंडाशीच असलेला उकिरडा आठवला. 

साहेब यायच्या दिवशी बायकांनी देवळीपुढचा रस्ता झाडला, सडा टाकला. कट्ट्यावर सतरंजी, त्यावर धुतलेली चादर. आबांच्या घरून बशा आणि कप आले. दूध पद्माच्या म्हशीचं, कारण ते दाट. चहाचं पातेलं तिच्याच ताब्यात होतं. विश्राम नेहमीच्या जागी, लिंबाच्या बुंध्याला टेकून. फोन खिशात ठेवायला आबांनी बजावलं होतं, पण त्याचा हात खिशातच होता.

पांढरी गाडी आली. पुढच्या काचेजवळ एका पट्टीवर ओळीने फोन बसवलेले, टपावर एक काळं बटणासारखं काहीतरी. गाडी थांबलीच नाही. देवळीला वळसा घालून परत गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. सडा टाकलेल्या रस्त्यावर चाकांच्या खुणा उमटल्या.

"हे काय करतात?" विमलने विचारलं.

"गाडीतले फोन आपले आपणच कॉल लावतात आणि मोजतात," विश्राम म्हणाला. "कारखान्यात ऐकलंय मी."

"आपल्याला विचारायचंच नाही?"

शेवटी गाडी थांबली आणि एक तरुण उतरला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, घामाने कपाळाला चिकटलेले केस. त्याने "नमस्कार, मी कुशल," असं चक्क मराठीत म्हटलं आणि आबा विरघळले.

"अरे, आपलेच निघाले की! कुठले तुम्ही?"

"गोत्रीला असतो. बाबा शिक्षक होते."

"वा वा! आमचे श्रीपतराव पण सध्या गोत्रीलाच आहेत." जणू त्यामुळे नातंच जुळत होतं. "बसा, बसा. असे सावलीत बसा. वारा इथेच चांगला येतो."

वारा चांगला येत होता आणि रेंजही. पण हे बोलायचं कुणी? चहा झाला, पोहे झाले, आबांनी आग्रह करकरून दुसरी बशी वाढली. मग त्यांनी डोळ्याने खूण केली आणि तमाशा सुरू झाला. एकाने फोन काढून हॅलो हॅलो केलं. दुसऱ्याने केलं. तिसरा तर "ऐकू येत नाही, जोरात बोल!" म्हणून ओरडला, आणि त्याने नंबर लावलेलाच नव्हता. कुशल सगळ्यांकडे पाहत होता. सभ्य मुलगा होता, हसला नाही.

"आबा, इथे तर रीडिंग चांगलं येतंय," तो म्हणाला.

"रीडिंग येत असेल, बोलणं येत नाही!" आबांनी मांडीवर थाप मारली. "या जागी, तुम्ही बसलात ना, बरोबर या जागी, एक शब्द ऐकू येत नाही. खंडोबाच्या समोर बसून सांगतो."

आणि तेवढ्यात विश्रामचा फोन वाजला.

नुसता वाजला नाही. शटडाउनचा फोन चुकू नये म्हणून त्याने आवाज पूर्ण वाढवून ठेवला होता, आरतीच्या चालीवर. टाळांसकट. सगळा कट्टा एकदम गप्प झाला. विश्रामने फोन बाहेर काढला, नाव पाहिलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. गोविंदभाई.

त्याने आबांकडे पाहिलं. आबांची नजर त्याच्यावर रोखलेली. सगळ्या फळियाची नजर त्याच्यावर. आरती वाजत राहिली आणि थांबली.

पहिली रिंग गेली.

 कुणी हललं नाही. कुशलने कप खाली ठेवला. पुन्हा आरती सुरू झाली. विश्रामने बटण दाबलं, फोन कानाला लावला आणि आबांकडे बघत म्हणाला, "हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय..."

पद्मा पातेलं घेऊन त्याच्या खांद्याशीच उभी होती. तिला फोनमधला शब्द न् शब्द ऐकू येत होता. गोविंदभाईचा घोगरा आवाज, मागे गेटवरचा भोंगा, कुणाचं तरी खोकणं सुद्धा. "विश्राम, टांकी खूली गई छे. आवे छे के नहीं?"

"हॅलो, काहीच ऐकू येत नाही, गोविंदभाई!"

"तो पछी बीजाने फोन करुं छुं."

गोविंदभाई आता दुसऱ्याला फोन लावणार होता. विश्रामच्या मानेवरून घामाची धार कॉलरमध्ये उतरताना पद्माने पाहिली. हा माणूस आठवडाभर इथे दगडासारखा बसून होता याच एका फोनसाठी. आणि आता तो आला होता, तर चारचौघांच्या भिडेपायी तो त्याला हाताने लोटत होता. तिला राग आला. नवऱ्याचा, आबांचा, त्या ऐटबाज सतरंजीचा आणि स्वतःचाही. तिने पातेलं खाली आदळलं आणि फोन त्याच्या हातातून ओढून घेतला.

"गोविंदभाई, हुं पद्माबेन. ए आवे छे. हमणां ज नीकळे छे. बीजाने ना बोलावशो."

"संभळाय छे ने?"

"हो, चोख्खं संभळाय छे," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

फोन ठेवून तिने नवऱ्याकडे पाहिलं. "उभे काय राहिलात? बूट घाला. रस्त्याला रिक्षा मिळेल."

विश्राम क्षणभर गोंधळला. मग घळीकडे पळाला आणि बूट, हेल्मेट घेऊन इतक्या झटकन वर आला की वाटलं तो मध्येच कुठूनतरी परत फिरला असेल. कुणाकडेही न पाहता तो रस्त्याला लागला. आबा सतरंजीच्या कडेचे दोरे ओढत बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"म्हणजे इथे लागतो," कुशल हळूच म्हणाला.

"इथे लागतो," पद्मा म्हणाली. "इथे कधी लागत नव्हता? पण आम्ही इथे राहत नाही, भाऊ. आम्ही खाली राहतो. खाली चला."

"पद्मा!" आबा म्हणाले.

"गाडी खाली जाणार नाही ना, ताई," कुशल म्हणाला.

"पाय आहेत की."

ती उत्तराची वाट न बघता चालू लागली. मागून कुशल येईल की नाही हे तिला माहीत नव्हतं, आणि वळून पाहायची हिंमतही नव्हती. थोडं खाली उतरल्यावर बुटांखाली खडे निसटल्याचा आवाज आला. तो आला होता. पट्टीवरचा एक फोन काढून हातात धरला होता आणि त्याच्याकडे बघत उतरत होता. दोनदा घसरला. पहिल्या वळणावर थबकला, फोन हलवून पाहिला. दुसऱ्या वळणावर त्याच्या भुवया चढल्या.

अंगण आलं. रोजचंच अंगण, पण आता ती ते त्याच्या डोळ्यांनी पाहत होती. उकिरड्यावर माशा घोंघावत होत्या. न्हाणीचा पडदा वाऱ्याने अर्धा उडालेला. दोरीवर तिचे फाटके परकर. एरंडीची सालपटं पायापायांत. म्हशीने नेमकं तेव्हाच शेण टाकलं.  पद्माला वाटलं, द्यावं ह्याला वर पाठवून. पण तिने घरातून खाट ओढली, त्यावर गोधडी टाकली आणि तांब्याभर पाणी दिलं.

"बसा. आणि लावा फोन."

कुशलने लावला. कानाला धरून थांबला. पुन्हा लावला. उठून शेवग्याखाली गेला, तिथून गोठ्याच्या कोपऱ्यात. हात वर केला. मग सवयीच्या माणसासारखा आपण होऊनच धुण्याच्या दगडावर चढला आणि टाचा उंचावून उभा राहिला. म्हैस रवंथ थांबवून त्याच्याकडे पाहू लागली. कुंपणापलीकडे विमल आणि आणखी बायका जमल्या होत्या. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"माझा पण गेला," आपला स्वतःचा फोन खिशातून काढून तो म्हणाला. आता त्याच्या जिवाची घालमेल दिसत होती. "ऑफिसमधून फोन येणार होता मला."

"येईल की. वर."

तो दगडावरून उतरला. "नाहीच आहे इथे, ताई. तुमचं खरं आहे."

"मग तसं लिहा."

"लिहायचं नसतं मला काही. मशीन आपलं आपण नोंद घेतं आणि मशीन गाडीत आहे. गाडी जाते तिथलं मोजलं जातं. बाजूचं सगळं अंदाजाने भरतात. टावर इतक्या अंतरावर आहे, म्हणजे इथवर पोचत असेल, असं."

"अंदाजाने?"

"हो."

"गाडी येत नाही म्हणजे माणूस राहत नाही, असं थोडंच आहे?"

 कुशल तांब्यातलं पाणी सगळं प्यायला. "मी सांगून बघतो," तो म्हणाला. सांगून बघतो म्हणजे काय, हे पद्माला कळत होतं. त्यालाही कळत असावं, कारण तो तिच्याकडे न पाहता बुटाला लागलेलं शेण काठीने काढत बसला. तिने न्हाणीतून बादली आणली आणि त्याच्या बुटावर पाणी ओतलं. जाताना त्याने वाकून नमस्कार केला. चढणीवर तो दिसेनासा होईपर्यंत फोन हातात वर धरून चालला होता.

गाडी गेल्याचा आवाज खालपर्यंत आला. मग खूप वेळ काहीच आलं नाही.

उन्हं कलली तेव्हा पद्मा एरंडी बडवायला बसली. काठी उचलायची, आपटायची. बोंडं फुटून बिया चौफेर उडत होत्या. विश्राम एव्हाना टाकीत उतरला असेल. गेटपास होईल. यंदापुरतं घर वाचलं, म्हैस वाचली, या विचाराने तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पण लगेच दुसरा घोर लागला. चारचौघांत आपण आबांना तोंडघशी पाडलं. टावर हातचा गेला तर सगळे आपल्याकडे बोट दाखवतील. पाण्याला गेली तेव्हा विमल तिच्याशी बोलली नव्हती, नुसती घागर बाजूला घेऊन उभी राहिली होती. घर राखलं खरं, पण शेजाराशिवाय घळीत राहून करायचं काय? काठी जोरात आपटू लागली.

सालपटांवर पावलं वाजली. तिने मान वर केली तर धनाजीराव. विश्रामच्या वडिलांच्या तेराव्यानंतर ते या अंगणात आले नव्हते. ती काठी टाकून उठली, डोक्यावर पदर घेतला.

 आबांनी न्हाणीकडे पाहिलं, छपरावरच्या टायरकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं.

"साहेबाला इथे आणलंस," ते म्हणाले.

"हो, आबा. माझं चुकलं असेल तर..."

"कुठे बसवलास?"

"या खाटेवर."

"बसला?"

"बसला. पाणी प्यायला. मग त्या दगडावर चढून उभा राहिला."

"दगडावर?" आबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते लगेच आवरलं. बराच वेळ ते त्या दगडाकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "माझ्या घरी का नाही आणलास?"

पद्माला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चुकलं.

"माझं घर तुझ्याही खाली आहे, पद्मा. तिथे तर रेडिओ पण लागत नाही. तुझ्याकडे निदान दगडावर चढून बघायची तरी सोय. माझ्याकडे त्याने पाहिलं असतं तर चाटच पडला असता."

"पण आबा, तुम्हीच म्हणालात ना, शेणात कुठे बसवायचा..."

"म्हणालो." आबा खाली बघू लागले. "माझी मागची भिंत पडलीय गं. सुनेने पत्रा उभा करून वर साडी टांगलीय. ते दिसेल म्हणून म्हणालो. पागा काय नि स्वार काय, त्या भिंतीपायी म्हणालो."

 या म्हाताऱ्याचा तिला लग्न होऊन आल्यापासून धाक वाटत आला होता, आणि आता त्याला हात धरून बसवावंसं वाटत होतं.

"टावर गेला ना आबा? माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे कशाला? आधी तरी कुठे येत होता?"

"पुढच्या वेळी साहेबाला तुमच्याकडेच नेऊ. सरळ. चहा पण तिथेच करू."

"पुढच्या वेळी येतोय कशाला तो!" आबा म्हणाले. त्यांनी खाटेवरची गोधडी हाताने सारखी केली आणि जड अंगाने तिच्यावर बसले. "विश्रामचं काम झालं ना? मग बस. साहेबाला दाट दुधाचा चहा पाजलास तसला टाक थोडा. दुपारचा माझा घशाखाली नाही उतरला."

पद्माने चुलीत दोन काटक्या सारल्या आणि आधण ठेवलं.